खापरपणजोबा १८५७ च्या मार्गशीर्षात त्र्यंबकहून गेले ते गेलेच, शोध कसा घ्यावा?

तिवंधाकर

नमस्कार मंडळी, लिहायची सवय नाही तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर मूळचं त्र्यंबकचं, नाशकात तिवंध्यावर येऊन शंभरेक वर्षं झाली. माझे खापरपणजोबा, म्हणजे पणजोबांचे वडील, त्र्यंबकच्या कचेरीत कारकून होते असं घरात सांगतात आणि ते एक दिवस घरातून गेले ते परत आलेच नाहीत. का गेले, कुठे गेले, मेले कधी, काही पत्ता नाही. विचारलं की घरातलं ठरलेलं उत्तर 'काशीला गेले'. आता त्या काळी काशीला जाणारा माणूस गावजेवण घालून, सगळ्यांच्या पाया पडून, चांगली सोबत बघून निघायचा कारण परत येईल याची खात्री नसायची. हे गृहस्थ बायको आणि पाच वर्षांचा पोरगा मागे ठेवून कोणाला न सांगता काशीला जातील हे मला लहानपणापासून पटलेलं नाही.

रिटायर झाल्यावर वाडा पाडायच्या आधी माळ्यावरची पेटी खाली काढली त्यात जे सापडलं ते असं. एका पोथीच्या शेवटच्या पानावर मोडीत एक ओळ आहे, ती माझ्या मित्राने वाचून दिली: "शके १७७९ पिंगलनाम संवत्सरे मार्गशीर्ष वद्य ६" आणि पुढे नुसतं खापरपणजोबांचं नाव. बाकी काही नाही, गेले का वारले का काय, क्रियापदच नाही. आमच्याकडे त्यांचं श्राद्ध याच तिथीला होतं, अजून होतं. दुसरं म्हणजे एक मोडीतला कागद आहे, अर्ज असावा, वरचा कोपरा कसरीने खाल्लाय, तो अजून वाचून झालेला नाही. आणि तिसरी गोष्ट कागदावरची नाही. आमच्या घरातलं कोणीही त्र्यंबकला रात्रीचा मुक्काम करत नाही. दर्शनाला जा, ब्रह्मगिरी चढा, श्रावणी सोमवारची फेरी करा पण अंधार पडायच्या आत खाली या. का, ते कोणालाच माहीत नाही. माझी आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे, तिला विचारलं तर म्हणाली "तुला कशाला नसत्या चौकश्या".

तर माझा प्रश्न, इतक्या तुटपुंज्या सामानावर पुढे काही शोधता येईल का? आणि तिथी नक्की माहीत आहे म्हणजे घरात कोणाला तरी ते गेल्याचं (वारल्याचं) नक्की माहीत होतं असं धरायचं का? मला तरी तसंच वाटतं आणि तसं असेल तर काशीची गोष्ट मुद्दाम पसरवलेली आहे.

मोडीवेडा

मस्त धागा. आधी साल पक्कं करू. शके १७७९ म्हणजे १८५७-५८, संवत्सर पिंगलच येतं, म्हणजे ओळ मागाहून अंदाजाने लिहिलेली नाही किंवा लिहिली असली तरी हिशोब येणाऱ्या माणसाने लिहिलेली आहे. त्या वर्षी अधिक महिना नव्हता, दत्तजयंती १ डिसेंबरच्या आसपास येते, म्हणजे वद्य षष्ठी ६-७ डिसेंबर १८५७. एखादा दिवस इकडे तिकडे धरा.

अर्जाचे फोटो टाका, सरळ वरून, फ्लॅश न मारता, खिडकीच्या उजेडात. कडा पण येऊ द्या आणि मागची बाजू पण. लोक मागची बाजू टाकतच नाहीत आणि शेरे सगळे मागेच असतात.

गंगाकाठ

७ डिसेंबर १८५७??? आणि त्र्यंबक??? तिवंधाकर तुम्हाला खरंच माहीत नाही का गंमत करताय :)

५ डिसेंबर १८५७ च्या रात्री त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला झाला होता. भिल्ल आणि ठाकूर लोकांनी केलेला. लगेच पुढे हर्सूलचा बाजार लुटला गेला आणि पेठ संस्थानात उठाव झाला, त्यात पेठच्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिली. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमध्ये सगळं आहे. त्र्यंबकच्या डोंगरात पकडलेल्या एका ठाकुराने कबूल केलं की आम्ही एका त्र्यंबकच्या ब्राह्मणाच्या सांगण्यावरून उठलो, मग गावातल्या ब्राह्मणांना समोर आणून ओळख पटवली गेली आणि फाशी झाली.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला भिल्लांचा म्होरक्या भागोजी नाईक याच्या लोकांनी पोलीस अधिकारी हेन्री याला मारलं होतं म्हणजे सगळा मुलूख आधीच पेटलेला होता. आणि तुमचे खापरपणजोबा कचेरीत कारकून, खजिना कचेरीतच, आणि हल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत गायब. माझ्या तर अंगावर काटा आला वाचून.

साधा_प्रश्न

झालं. आता उद्या तिवंध्यावर पुतळा.

अहो महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला एक सत्तावनचा क्रांतिकारक हवा असतो. जरा थंड डोक्याने बघा, एक ओळ आहे जिच्यात क्रियापद नाही आणि एक कारकून आहे ज्याचं कारकून असणंही 'घरात सांगतात' इतकंच आहे. त्या काळी त्र्यंबक ते नाशिक अठ्ठावीस-तीस किलोमीटरचा रस्ता रानातून होता, वाघ होते, तापाची साथ होती, पटकी होती. माणूस वाटेत मेला आणि कोणी ओळखीचं भेटलं नाही तर तो 'गेला तो गेलाच'. तारखा जुळणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. मुक्काम न करण्याची चाल तर घरोघर असते, आमच्याकडे शनिवारी नवीन चप्पल घेत नाहीत, त्यामागे कुठला उठाव होता?

गंगाकाठ

साप्र, चप्पल आणि हे एक आहे का :D

सिन्नरी

माझ्या आजोळी पण असंच आहे, गोदावरीच्या पलीकडे मुलगी देत नाहीत. कारण कोणालाच माहीत नाही. बाकी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

भिक्षुक_नाशिक

तिवंधाकर, तुमच्या तिथीच्या मुद्द्यावर थोडं लिहितो कारण तिथे तुमची गाडी घाईने पुढे गेलीये.

श्राद्धाला तिथी आहे म्हणजे मृत्यूचा दिवस माहीत होता असं होत नाही. जो परदेशी गेला आणि ज्याची काहीच वार्ता नाही त्याच्यासाठी शास्त्रात सोय आहे. महिना माहीत आहे पण तिथी नाही तर त्या महिन्याची अमावास्या धरतात. दोन्ही माहीत नसेल तर ज्या महिन्यात ज्या तिथीला तो घरातून निघाला ते प्रस्थान धरतात, नाहीतर वार्ता कानावर आली तो दिवस. म्हणजे तुमची वद्य षष्ठी ही मरणतिथी असू शकते, तशीच निघण्याची तिथीही असू शकते. पोथीतल्या ओळीत क्रियापद नाही म्हणताय, मला त्यावरून दुसरी शक्यता जास्त वाटते. मेल्याची नोंद करणारा 'कैलासवासी' लिहितोच लिहितो, ते लिहायला विसरत नाही. निघून गेलेल्याबद्दल काय लिहावं हा प्रश्न पडतो.

अजून एक. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात, मग पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात आणि तिथून पुढे श्राद्ध सुरू होतं. तुमच्या घरी तसं झालं असेल तर ते शके १७९१ च्या सुमाराला, म्हणजे १८६९ ला येतं. त्र्यंबकच्या तुमच्या क्षेत्रोपाध्यांच्या (येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवणारे तिथले भटजी) वहीत त्याची नोंद असायची चांगली शक्यता आहे. उपाध्ये माहीत आहेत ना घराण्याचे?

तिवंधाकर

भिक्षुक, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, खूप आभार. उपाध्ये माहीत आहेत, वडिलांच्या वेळी गेलो होतो तेव्हा त्यांनी आजोबांची सही काढून दाखवली होती. जाऊन येतो.

गंगाकाठ, गॅझेटियरचं ते पान वाचलं. फाशीचं वाचून मात्र रात्रभर झोप नाही.

अर्जाचे फोटो टाकलेत, पुढची मागची दोन्ही बाजू. मागे इंग्रजीत दोन ओळी आणि एक सही आहे, शाई उडालीये.

हर्सूलकर

मी नुसता वाचत होतो पण आता लिहितो. त्र्यंबकचा खजिना, हर्सूलचा बाजार, हे आमच्याकडे पुस्तकात नाही वाचलेलं, म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. कोणत्या डोंगराच्या बेचक्यात लपले होते ते अजून जागा दाखवतात. त्या डिसेंबरात आणि नंतर जे ठाकूर, भिल्ल, कोळी मेले त्यांची मोजदाद कोणाच्या वहीत आहे? आणि गंमत बघा, त्यांना शोधायला इंग्रजांनी जी पलटण उभी केली, कॅप्टन नटॉलची, ती पण महादेव कोळ्यांचीच. आमच्या घरात दोन्हीकडचे असतील, कोणी सांगत नाही.

तुमच्या खापरपणजोबांना तिथी तरी आहे राव. राग नाही, शोधा जरूर. फक्त एक लक्षात ठेवा, कबुली देणारा जो ठाकूर होता तो कोणत्या हालात होता आणि त्याला कशाचं वचन दिलं होतं ते त्या पानावर कोणी लिहिणार नाही. तेव्हा 'ब्राह्मणाने उठवलं' हे वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. आमच्या लोकांना उठायला रान आणि सावकार एवढी कारणं पुरेशी होती, कोणी येऊन शिकवायची गरज नव्हती.

पंचवटीची_लेक

हर्सूलकर +१. याच्यावर वेगळा धागा काढा ना प्लीज, तुम्ही ऐकलेलं जसं आहे तसं लिहून ठेवा.

जुनेकागद

हर्सूलकरांचा मुद्दा फार महत्त्वाचा. आता शोधाबद्दल, थोडं व्यवहाराचं.

तिवंधाकर, तुम्ही 'नाशिक जिल्हा' म्हणून शोधाल तर हाती काही लागणार नाही कारण नाशिक जिल्हा झाला १८६९ ला. १८५७ मध्ये त्र्यंबक, सिन्नर हा भाग नगरच्या कलेक्टरीखालचा. मालेगाव, बागलाण, नांदगाव खानदेशात. तेव्हा पत्रव्यवहार 'अहमदनगर' म्हणून शोधायचा. जागा मुख्यतः मुंबईचं पुराभिलेखागार, फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. तिथे बांधलेले खंड खात्यांप्रमाणे लावलेले असतात. उठावाचं, खटल्यांचं ज्युडिशिअलमध्ये, संस्थानांचं म्हणजे पेठ, जव्हार, सुरगाणा हे पोलिटिकलमध्ये, आणि तुमच्या उपयोगाचं खरं म्हणजे रेव्हेन्यू. कारकून असतील तर पगाराच्या यादीत कुठेतरी येतील, त्यांच्या जागी दुसरा माणूस नेमला असेल तर त्याची मंजुरी असेल. लोक थेट फाशीच्या यादीकडे धावतात आणि नेमणुकीची यादी बघतच नाहीत.

स्पेलिंगची काळजी घ्या. त्र्यंबकचं स्पेलिंग त्या काळात निदान तीन-चार प्रकारे करायचे, पेठला 'पेइंट' असं काहीतरी लिहायचे, नाशिकला दोन एस. सूची बघताना सगळे प्रकार बघा नाहीतर 'काही नाही' म्हणून परत याल. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये एवढं जुनं मिळणं अवघड, मिळालं तर इनामाचं आणि जमिनीचं मिळेल. तुमची जमीन किंवा वृत्ती होती का काही?

तिवंधाकर

थोडी जमीन होती अंजनेरीकडे, ती पणजोबांकडे आली, कुळकायद्यात गेली.

गंगाकाठ

जमीन मुलाकडे आली म्हणता? मग ते बंडात नव्हते. बंडवाल्यांच्या मालमत्ता जप्त व्हायच्या.

साधा_प्रश्न

किंवा जमीन त्यांच्या नावावर नव्हतीच, भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर होती. एकत्र कुटुंब होतं ना. गंगाकाठ तुम्ही काल त्यांना फाशी देत होता, आज निर्दोष सोडताय :)

पण एक खरंच सांगतो, मला आता यात रस वाटायला लागलाय. माझ्या मते बघायची गोष्ट ही आहे की राणीचा जाहीरनामा आला १ नोव्हेंबर १८५८ ला. त्यात ज्यांच्या हातून इंग्रज रयतेचा खून झालेला नाही अशांना माफी होती, ठराविक मुदतीत घरी परत या म्हणून. जर हे गृहस्थ नुसते घाबरून पळाले असतील, समजा शेजारी जव्हार संस्थानात, तिथे इंग्रजांची थेट हुकमत नव्हती आणि त्र्यंबकहून मोखाड्याकडे उतरलं की आलंच, तर वर्षभराने परत यायला हरकत काय होती? आले नाहीत. म्हणजे तोवर ते जिवंत नव्हते, किंवा त्यांना माफी लागू होणार नाही असं त्यांना वाटत होतं, किंवा पळण्याचं कारण उठाव नव्हतंच.

भिक्षुक_नाशिक

किंवा संन्यास घेतला. त्र्यंबकच ते, आखाडे दारात. संन्यास घेतला तर घरच्यांनी श्राद्ध वेगळ्या पद्धतीने केलं असतं, म्हणून मी ती शक्यता खाली ठेवतो, पण नोंदवून ठेवा.

मोडीवेडा

अर्ज वाचला. कोपरा गेलाय त्यामुळे तारीख आणि कोणाच्या नावाने आहे ते गेलं, पण मजकूर बराच लागला. भाषा जरा सोपी करून देतो.

अर्जदार बाई आहे, म्हणजे खापरपणजी. अक्षर अर्थातच दुसऱ्याचं, शेवटी 'बाईचे हातची निशाणी' आहे. म्हणते की घरधनी कसबे त्र्यंबक येथे सरकारचाकरीस होते, ते मार्गशीर्ष मासी परगावी गेले ते आजतागायत आले नाहीत. त्यांचा माहे नवंबरचा दरमाहा आणि डिसेंबरातले कामाचे दिवसांचा हिशोब सरकारातून येणे आहे तो मिळावा. पदरी मूल लहान, दीर वेगळे निघाले, पोटास आधार नाही. आणि मध्येच एक वाक्य आहे ते मी तीनदा तपासलं: "किल्ल्या कचेरीत हजर केल्या त्याची पावती जवळ आहे."

साप्र, कारकून असल्याचा पुरावा मिळाला तुम्हाला, निदान चाकरीत असल्याचा.

गंगाकाठ

किल्ल्या!!! कसल्या किल्ल्या? खजिन्याच्या??

साधा_प्रश्न

दप्तराच्या कपाटाच्या पण असतील. पण ठीक आहे, हा पुरावा मानतो.

पंचवटीची_लेक

मी मघापासून एकाच गोष्टीची वाट बघत होते की कोणीतरी या बाईबद्दल बोलेल, शेवटी ती स्वतःच बोलली.

जरा तिच्या जागी उभं राहून वाचा. त्र्यंबकला ओळखपरेड चाललीये, गावातल्या माणसाला फाशी झालीये, पलटण डोंगर धुंडाळतेय. अशा वेळी जिचा नवरा खजिना फुटल्यावर दोन दिवसांत नाहीसा झालाय ती बाई सरकारकडे त्याचा थकलेला पगार मागते. त्याच्यावर संशय असता, किंवा तिला तसं नुसतं वाटत असतं, तर तिने त्याचं नावसुद्धा काढलं असतं का? गप्प बसली असती, माहेरी गेली असती. उलट ती किल्ल्यांची पावती आहे म्हणून सांगते. म्हणजे कोणीतरी तिला विचारलं होतं किल्ल्यांबद्दल, आणि तिने किंवा त्याने त्या नेऊन दिल्या होत्या. पळून जाणारा चोर किल्ल्या जमा करून पावती घेऊन जात नाही.

माझं मत असं की हा माणूस उठावात नव्हता आणि लुटीतही नव्हता. त्याला साक्ष द्यायची नव्हती. कचेरीतला माणूस, गावातलाही माणूस, कोण रात्री कोणाच्या ओसरीवर बसलेलं असायचं हे त्याला माहीत असणार. सरकारने विचारलं तर गावाविरुद्ध बोलायचं नाहीतर सरकारविरुद्ध. किल्ल्या दिल्या आणि निघाला. पुढे काय झालं ते साप्र म्हणतात तसं वाघ, ताप, काहीही.

आणि "दीर वेगळे निघाले" हे पण वाचा. बेपत्ता माणसाच्या बायकोला ना धड सौभाग्य ना वैधव्य. बारा वर्षं ती कुंकू लावून बसली असेल आणि दिराने चूल वेगळी केली. मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त टोचतो, कचेरीचा खजिना नाही.

सिन्नरी

पंचवटीची_लेक, कडक.

जुनेकागद

तर्क चांगला आहे पण एका गोष्टीवर उभा आहे, अर्ज कधीचा आहे यावर. तो १८५८ चा असेल तर तुमचं म्हणणं भक्कम, कारण तेव्हा प्रकरण गरम होतं. दहा वर्षांनी केलेला असेल तर सगळं निवलेलं, मग पगार मागण्यात धाडस काही नाही, उलट मुलगा हाताशी आला म्हणून जुनं येणं वसूल करायचा प्रयत्न इतकंच. मोडीवेडा, मजकुरात सरकारचा उल्लेख कसा केलाय? कंपनी सरकार की राणी सरकार?

मोडीवेडा

"कुंपणी सरकार" आहे. तळापासून तिसऱ्या ओळीत, स्पष्ट आहे.

गंगाकाठ

कंपनीचा कारभार १८५८ ला संपला! म्हणजे अर्ज त्याच्या आधीचा!

साधा_प्रश्न

तुमच्याकडे म्हातारी माणसं अजून 'बॉम्बे'ची गाडी कधी येते विचारतात का? लोक पुढे कितीतरी वर्षं कुंपणीच म्हणत असणार. पण अर्ज लिहिणारा कारकुनी पेशातला, आणि सरकारला लिहितोय, तो पत्त्यात आणि मायन्यात जपून लिहील हे मान्य. तेव्हा शक्यता १८५८ कडे झुकते, सिद्ध होत नाही. आणि "मूल लहान" म्हणते, पाच-सहा वर्षांचं मूल लहान, पंधराचं लहान नाही म्हणणार, त्या काळात तर लग्न झालेलं असायचं. हा मुद्दा मला कुंपणीपेक्षा जड वाटतो.

तिवंधाकर

मंडळी, त्र्यंबकला जाऊन आलो. उपाध्यांकडे बराच वेळ बसलो, त्यांनी फार आपुलकीने वह्या काढल्या, चहा झाला, मग नाव गाव कूळ सांगून पानं उलटत बसलो.

भिक्षुक, तुमच्या पायावर डोकं ठेवायला पाहिजे. शके १७९१, शुक्लनाम संवत्सर, मार्गशीर्ष. नोंद माझ्या पणजोबांची आहे, तेव्हा ते सतरा वर्षांचे असतील, अक्षर अजून पोरगेलं आहे. सोबत चुलत्यांचं नाव आहे (म्हणजे वेगळे निघालेले दीर कार्याला आले होते). लिहिलंय की तीर्थरूप बारा वर्षे परांगदा, सबब त्यांचे उत्तरकार्य करणेस क्षेत्री आलो. वडिलांच्या नावाआधी 'कैलासवासी' नाही. आजोबांच्या आधी आहे, वडिलांच्या नाही. आणि मातोश्री समागमे म्हणून खापरपणजींचं नाव आहे.

म्हणजे घरात कोणालाच नक्की काही माहीत नव्हतं. माझी सुरुवातीची कल्पना, की घरच्यांनी माहीत असून लपवलं, ती या नोंदीपुढे टिकत नाही आणि फाशीचीही टिकत नाही, फाशी गेलेल्यासाठी बारा वर्षं कोण थांबेल. काशीची गोष्ट कुठून आली असेल त्याचाही अंदाज आला. पोराने विचारलं, बाबा कुठे गेले, की काय सांगणार.

आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि मग म्हणाली की तिच्या आजीच्या तोंडी होतं, "सासूबाई त्र्यंबकला गेल्या की संध्याकाळचं दार लावू द्यायच्या नाहीत, रात्रभर उघडं ठेवायच्या, म्हणून मुलाने मुक्कामच बंद केला." एवढं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं तिने!! विचारलं आधी का नाही सांगितलं तर म्हणे "तू मुक्कामाचं विचारलंस, दाराचं कुठे विचारलंस."

पंचवटीची_लेक

बाप रे.

हर्सूलकर

दादा हे बरं झालं सापडलं. मी विचारून बघतो आमच्याकडे, कचेरीतल्या कोणा बामणाला त्या दिवसांत कोणी वाट दाखवली, रानातून उतरवून दिलं असं काही ऐकण्यात आहे का. आशा ठेवू नका पण विचारतो. मोखाड्याच्या वाटेला आमचे नातेवाईक आहेत.

साधा_प्रश्न

वाघाची बाजू मी अजून सोडलेली नाही पण 'साक्ष टाळायला गेले' यावर आता मी साठ टक्के आहे. उरलेल्या चाळीससाठी काशीतल्या वह्या बघा. मराठी घराण्यांच्या वह्या ठेवणारे उपाध्ये काशीतही आहेत. माणूस खरंच तिथे पोचला असेल तर घाटावर स्वतःच्या हाताने नाव लिहिल्याशिवाय राहणार नाही, आणि अक्षर तुम्हाला पोथीवरून जुळवता येईल. गोष्ट बनवलेली असेल तर पान कोरं निघेल, तेही उत्तरच आहे.

जुनेकागद

पोथीतली ओळ त्यांच्याच हातची आहे हे कशावरून? बायकोने किंवा भावाने दुसऱ्याकडून लिहून घेतली असेल. अक्षर जुळवायला त्यांचा नक्की हातचा कागद हवा. पोथीची नक्कल कोणी केली त्याचं नाव शेवटी असतं, ते बघा आधी.

आणि मागचे इंग्रजी शेरे. त्यात तारीख असणारच, सरकारी माणूस तारखेशिवाय सही करत नाही.

मोडीवेडा

शेऱ्याचा फोटो मोठा करून बघितला. पहिली ओळ पगाराच्या हिशोबाबद्दल मागणी पुढे पाठवल्याची आहे असं वाटतं, दुसरी गेलीच. सहीखाली तारीख आहे, शेवटचा आकडा ८, त्याच्या आधीचा ५ की ६ ते शाईने खाल्लंय. म्हणजे ५८ किंवा ६८. तिवंधाकर, अंधाऱ्या खोलीत कागद आडवा ठेवून मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूने, कागदाच्या पातळीत धरून फोटो काढा. शाई गेली तरी टाकाच्या निबाची दाबलेली रेघ राहते, ५ असेल तर वरची आडवी रेघ सावलीत दिसेल. कागदावर काही लावू नका, ओला बोळा वगैरे तर अजिबात नको.

तिवंधाकर

आज रात्री पोरगा आला की काढतो, त्याचा फोन चांगला आहे. पोथीच्या शेवटी नक्कल करणाऱ्याचं नाव आहे, ते खापरपणजोबांच्या वडिलांचं आहे, म्हणजे पोथी त्यांच्या हातची नाही. पण आतल्या पानांच्या कडेला बारीक टिपणं आहेत दुसऱ्या अक्षरात, ती कोणाची ते बघावं लागेल, त्याचेही फोटो टाकतो. किल्ल्यांची पावती मात्र पेटीत नाही. पेटी दोनदा उपसली. चुलत घराण्याकडे एक दप्तर आहे असं ऐकून आहे, दिराच्या वंशाकडे, आमचं आणि त्यांचं बोलणं फारसं नाही, पण आता बोलावं लागणार.

पंचवटीची_लेक

जाताना आत्यांना घेऊन जा. त्यांना कोणी नाही म्हणणार नाही, आणि काय विचारायचं ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त माहितीये.